नाका उठल्यावर

कोल्हापुरात रिक्षावाल्याला ‘फुलेवाडी नाका’ एवढं सांगितलं की पुरतं. तिथे आता नाका नाही. रस्त्यात आडवा टाकलेला बांबू नाही, कार्बन घातलेलं पावतीपुस्तक नाही, पोत्यात सळई खुपसून आत खरोखर गूळच आहे ना हे बघणारा कारकून नाही. माल अडवायची जागा गेली आणि तिचं नाव पत्ता म्हणून मागे उरलं. शेजारी देशांच्या जकातसंघांवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ब्रसेल्स आलं नाही, हा नाका आला. त्याला इलाज नाही. मी मलकापूरचा, आमच्या घरात तीन पिढ्या भुसार मालाचं दुकान.

पुस्तकात ‘सीमाशुल्क संघ’ असा शब्द आहे. सरकारी मराठीत तोच चालतो आणि लेखकाने तो सगळीकडे नीट पाळला आहे. मी मात्र जकातसंघ म्हणणार. सीमाशुल्क भरून आलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही, जकात भरलेली माणसं घरातच होती. व्याख्या सोपी आहे. दोन किंवा अधिक शेजाऱ्यांनी आपसातली जकात उठवायची आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांनी मिळून एकच दर लावायचा. यातला पहिला भाग सगळ्यांना आवडतो. भांडणं लागतात ती दुसऱ्या भागावरून, आणि त्या एका दराने जो पैसा जमतो तो कुणी किती न्यायचा यावरून. नाका एका रात्रीत उठतो. त्याने तिजोरीत पडलेलं भगदाड कोण आणि कशाने बुजवणार, हे ठरायला वर्षं जातात; कधी ठरतच नाही आणि संघ मोडतो. पुढची पानं वाचताना वाचकाने करारांच्या कलमांपेक्षा या वाटणीवर नजर ठेवावी, असं मला वाटतं.

मलकापूर नकाशावर लहान आहे, पण बसलंय मोक्यावर. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं हे ठाणं. पश्चिमेला आंबा घाट उतरला की साखरपा, तिथून एक वाट रत्नागिरीला जाते, दुसरी देवरूखवरून संगमेश्वरला. दक्षिणेकडे अणुस्कुऱ्याचा घाट राजापूरकडे उतरतो. मोटारी यायच्या आधी या वाटांवर बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेले तांडे चालत. वर यायचं मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी. खाली जायचा गूळ, मिरची, तंबाखू, कडधान्य. इंग्रजी अमदानीत घाटाखालचा रत्नागिरी जिल्हा खालसा, म्हणजे थेट इंग्रजांचा, घाट चढला की विशाळगडची जहागीर, तिच्यावर कोल्हापूर दरबार, वारणा ओलांडली की सातारा जिल्हा म्हणजे परत खालसा, आणि पुढे कृष्णेकडे सरकलं की सांगली-मिरजेचे पटवर्धन. मिठाची एक गोणी, आणि तिच्याकडे बघणारे धनी इतके.

मराठेशाहीच्या जकातीला स्वतःची भाषा होती आणि ती आजच्या अर्थशास्त्राला लाजवेल इतकी नेमकी होती. माल जिथे भरला तिथे द्यायची ती थळभरीत. जिथे उतरून विकला तिथे द्यायची ती थळमोड. मधल्या वाटेवर ज्याच्या त्याच्या चौक्या. माल पिकवणाऱ्या मुलखाने कर घ्यावा की खाणाऱ्या मुलखाने, हा प्रश्न युरोपातले आणि दिल्लीतले तज्ज्ञ आज परिषदा भरवून चर्चितात. आमच्याकडे त्याला दोन शब्द होते आणि दोन्हीकडे पैसे घेतले जात.

या सगळ्यातून वाट काढणारा एक माणूस होता, हुंडेकरी. व्यापाऱ्याकडून एकदाच ठोक रक्कम घ्यायची, आणि वाटेवरच्या साऱ्या चौक्यांशी परस्पर मिटवून माल मुक्कामी पोचवायचा, असा त्याचा धंदा. एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यावर या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या लोकांची नोंद आहे. आज हुंडेकरी हे आडनाव म्हणून भेटतं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. राज्यकर्त्यांना जे जमलं नाही ते त्याने आपल्या वहीत जमवलं होतं. व्यापाऱ्यापुरता सगळा मुलूख एक जकातसंघ झाला, फक्त त्याचा हप्ता सरकारऐवजी हुंडेकऱ्याला गेला. आणि व्यापारी तो खुशीने देत, यावरूनच कळतं की जकातीच्या रकमेपेक्षा जकातीसाठी ठायीठायी थांबणं महाग पडत होतं. पावसाळ्याच्या तोंडावर घाटात दोन दिवस अडकलेलं मीठ म्हणजे काय, हे ज्याच्या गोण्या पाझरल्या त्यालाच ठाऊक.

जकात नेहमी लुटीसाठी असते असंही नाही. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगिजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडतं, व्यापारी तिकडे वळतात आणि स्वराज्यातल्या संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणून बारदेशी मिठावर जकात वाढवा, असा त्याचा आशय. हे संगमेश्वर आमच्या घाटाच्या पायथ्याचं. शाळेत हे पत्र स्वदेशीचा दाखला म्हणून शिकवतात, आणि ते ठीकच आहे. पण जकातसंघ समजून घ्यायलाही याच्याइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. जेकब वायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली जकातसंघांवर पुस्तक लिहिलं आणि एक साधा भेद दाखवला. संघ झाल्यामुळे महाग घरचा माल सोडून लोक शेजाऱ्याचा स्वस्त माल घेऊ लागले, तर नवा व्यापार जन्मला. पण संघाबाहेरचा स्वस्त माल, केवळ त्याच्यावर जकात आहे म्हणून सोडला आणि संघातल्या शेजाऱ्याचा महाग माल घेतला, तर व्यापार नुसता वळला. गिऱ्हाइकाच्या पदरात काही पडलं नाही. बारदेशाचं मीठ सोडून संगमेश्वरचं घेतलं, हे वळणं. महाराजांना ते हवंच होतं, त्यांनी ते उघडपणे केलं. आजचे संघ तेच करतात आणि त्याला मुक्त व्यापार म्हणतात. वायनरच्या आधी लोक समजत होते की जकातसंघ म्हणजे खुल्या व्यापाराकडे टाकलेलं अर्धं पाऊल. ते पाऊल कधी कधी मागेही पडलेलं असतं.

आता भगदाडाकडे येऊ. जर्मनीतल्या १८ राज्यांनी प्रशियाच्या पुढाकाराने १ जानेवारी १८३४ ला आपसातली जकात उठवली आणि ‘त्सोलफेराइन’ हा संघ सुरू झाला. जगभर त्याचा गाजावाजा झाला, अजून होतो. चारच वर्षांनी, १८३८ साली, मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने मुलखातली अंतर्गत जकात रद्द केली. त्याची आठवण कुणाला नाही. कंपनीने बुडालेलं उत्पन्न कशातून काढलं? मिठातून. मणाला आठ आणे मीठपट्टी बसली. मग १८४४ मध्ये आणखी काही किरकोळ कर काढले आणि आठ आण्यांचा रुपया केला, तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला बारा आण्यांवर यावं लागलं. म्हणजे वाणी सुटला आणि बिल कुळंबिणीच्या चुलीवर आलं. घाट चढणाऱ्या बैलाला ब्रिटिश चौकी आडवी येईना, पण त्याच्या पाठीवरचं मीठ आगरातूनच महाग होऊन निघू लागलं. नाका दिसत होता तोवर त्याला शिव्या तरी घालता येत. किमतीत मुरलेल्या नाक्याला कोण काय म्हणणार? संस्थानांच्या हद्दी तर तशाच राहिल्या. काठेवाडाच्या वेशीवरचा विरमगामचा नाका उठायला १९१७ साल उजाडलं, आणि त्यासाठी गांधीजींना खटपट करावी लागली.

आपल्या शेजारी दोन वेगळ्या सत्तांमध्ये झालेला खराखुरा जकातसंघ म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांचा. मराठी वाचकाला त्सोलफेराइन तोंडपाठ आणि हा ठाऊक नाही, याचं मला नवल वाटत आलंय. २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनमध्ये करार झाला, जानेवारी १८८० पासून अमलात आला, मुदत बारा वर्षं. सरहद्दीवरची जकात उठली. सावंतवाडीचा, बेळगावचा, कारवारचा माल गोव्यात आणि गोव्याचा इकडे विनाअडथळा जाऊ लागला. बाहेरच्या मालावर दोघांचा दर एक. जोडीला मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधायची ठरली. दूधसागरावरून कॅसलरॉकला चढणारी ती सुमारे ८२ किलोमीटरची वाट १८८८ मध्ये पुरी झाली आणि सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. कागदावर याहून सुबक काय असणार? लहान मुलखाला बंदर आणि आगगाडी, मोठ्याला समुद्राची जवळची वाट.

मेख मिठात होती. गोव्याचं स्वस्त मीठ सरहद्द नसताना ब्रिटिश मुलखात शिरलं असतं तर इंग्रजांची मीठपट्टी बुडाली असती. म्हणून करारात गोव्याच्या आगरांवर इंग्रजांचा ताबा आला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. पणजीच्या तिजोरीला भरपाई मिळाली. आगरातल्या माणसाला, आणि पेजेत घालायचं मीठ एकाएकी महाग झालेल्या बाईला, काही मिळालं नाही. दारूचंही तेच. इकडची आबकारी कडक आणि तिकडची सैल असती तर माडी आणि फेणी सरहद्द ओलांडून वाहिली असती, म्हणून गोव्यातल्या माडांवरही इकडच्या धर्तीचा कर चढला. ‘एकच दर’ या दोन शब्दांत दुर्बळ शेजाऱ्याने काय काय सोडलेलं असतं, ते असं घरात शिरल्यावर समजतं. पुढे १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानाने मीठ-दारूसारखे मोजके जिन्नस वगळून आयातीवरची जकात काढली ती लँकेशायरच्या गिरण्यांकडे बघून. गोव्याच्या जमाखर्चाकडे बघून ती काढावी असं कुणाच्या मनातही आलं नसेल. गोव्यात असंतोष होता, इंग्रजांनाही अपेक्षेइतका लाभ दिसेना. १८९२ च्या जानेवारीत मुदत संपली आणि करार वाढवला गेला नाही. सरहद्दीवर चौक्या परत उभ्या राहिल्या. आगगाडी तेवढी राहिली.

साठेक वर्षांनी याच सरहद्दीवर उलटं टोक आलं. १९५५ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. दोडामार्गापलीकडची सोयरीकसुद्धा परदेशात गेली. बेळगावची भाजी थांबली आणि गोव्यात हॉलंडचे बटाटे आले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा हा विषय संपला, असं आपण धरून चालतो. पुढे त्यावर येतोच.

बाहेरच्या जगाबद्दल पुस्तकात भरपूर आहे, मी फक्त तीन ठिकाणांकडे बोट दाखवतो. त्सोलफेराइनने वाटणी केली ती लोकसंख्येवर. माल प्रशियाच्या वेशीवर उतरला तरी पैसा माणशी. प्रशियाने यात पदरमोड केली आणि त्याबदल्यात जर्मनीचं पुढारीपण घेतलं. तो सौदा होता, औदार्य नव्हे. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ मध्ये समुदाय उभा केला. रेल्वे एक, विमान कंपनी एक, जकात एक. पण कारखाने केनियात वाढत गेले, बाकीच्या दोघांना वाटलं की आपण केनियाचं गिऱ्हाईक झालो. १९७७ मध्ये सगळं मोडलं, टांझानियाने केनियाची सरहद्दच बंद केली. नवा करार व्हायला १९९९ उजाडलं आणि जकातसंघ २००५ मध्ये. याउलट दक्षिण आफ्रिकेभोवतीचा संघ १९१० पासून टिकून आहे, कारण त्यात सामाईक गल्ल्यातून लेसोथो, इस्वातिनी अशा लहान देशांना मिळणारा वाटा त्यांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा असतो. त्यांचं घर त्यावर चालतं. मोठ्या भावाने दिलेल्या वाट्यावर चालणाऱ्या घरात आवाज किती चढवता येतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

युरोपाने वाटणीचा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. १९५७ च्या रोम करारानंतर १ जुलै १९६८ ला त्यांचा जकातसंघ पुरा झाला. रॉटरडॅमला उतरलेला माल बहुधा जर्मनीत जाणार, मग जकात डचांची की जर्मनांची? (मुरगावला उतरून हुबळीला जाणाऱ्या पेटीचा प्रश्न हाच होता.) उत्तर असं की कुणाचीच नाही. जमा करणाऱ्या देशाने गोळा करायची मजुरी कापून घ्यायची, सध्या ती २५ टक्के आहे, बाकीचा पैसा सामाईक अंदाजपत्रकात. भांडायला पैसा समोर ठेवलाच नाही.

आपल्या दक्षिण आशियात जकातसंघ नाही. साफ्ता आहे, २००६ पासून, आणि तो मुक्त व्यापाराचा करार आहे. फरक बारीक वाटतो, पण किराणा दुकानदाराला तो चटकन कळेल. मुक्त व्यापार करारात आपसातली जकात जाते, बाहेरच्या मालावर मात्र ज्याचा त्याचा दर वेगळा राहतो. मग बाहेरचा माल कमी दराच्या शेजाऱ्याकडे उतरतो आणि मागच्या दाराने जास्त दराच्या घरात येतो. नेपाळात पाम तेलाचं झाड नाही. तरी २०१८-१९ च्या सुमारास नेपाळातून भारतात पाम तेलाची निर्यात धो धो वाढली. मलेशिया-इंडोनेशियाचं कच्चं तेल तिकडे शुद्ध व्हायचं आणि साफ्ताच्या सवलतीत इकडे यायचं. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पाम तेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. अशा करारात प्रत्येक डब्यामागे ‘हा माल मूळचा कुठला’ हा दाखला तपासत बसावं लागतं, म्हणजे नाका आला. जकातसंघात बाहेरचा दर एकच, म्हणून दाखला नको, म्हणून नाकाही नको. मात्र त्यासाठी दर ठरवण्याचा आपला हक्क सामाईक पाटावर ठेवावा लागतो. दिल्ली तो काठमांडूबरोबर वाटून घेईल, किंवा काठमांडू दिल्लीच्या हाती देईल, असं दिसत नाही. गोव्याची गोष्ट आठवली तर काठमांडूला दोष देता येत नाही.

या जगभराच्या फेरीनंतर मी परत गावाकडे येतो, कारण भारताचा स्वतःचा जकातसंघही आपण डोळ्यांदेखत पुरा होताना पाहिला आहे. संविधानाच्या ३०१ व्या कलमात देशभर व्यापार मोकळा असेल असं १९५० पासून लिहिलेलं होतं. तरी नगरपालिकांची जकात महाराष्ट्रात १९९९ पर्यंत होती, महापालिकांची त्यानंतरही. कोल्हापुरात २०११ मध्ये तिची जागा एलबीटीने, म्हणजे स्थानिक संस्था कराने घेतली, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळले, आणि २०१५ मध्ये बहुतेकांसाठी तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या वेशीवरचे विक्रीकराचे नाके उठले. बेळगाव-निपाणी कुणाचं, हा वाद १९५६ पासून चालूच आहे, पण निपाणीच्या तंबाखूला आता हद्द दिसत नाही. माणसांना जी रेघ पुसता आली नाही ती मालापुरती पुसली गेली, हे मला अजून थोडं अद्भुत वाटतं.

आणि इथेही खरी झुंज थळभरीत-थळमोडीचीच होती. जुना केंद्रीय विक्रीकर माल निघाला त्या राज्याला जायचा. जीएसटी माल खपतो त्या राज्याला जातो. महाराष्ट्रासारख्या माल बनवणाऱ्या राज्यांचा जीव खालीवर झाला. म्हणून २०१५-१६ चं उत्पन्न पाया धरून दरसाल १४ टक्के वाढीची हमी पाच वर्षं द्यावी लागली, तेव्हा कुठे सह्या झाल्या. त्या हमीची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. जीएसटी परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात; केंद्राला डावलून काही होत नाही, आणि केंद्रालाही एकट्याने काही करता येत नाही. प्रशियाला एवढी तजवीज सुचली नव्हती. नगरपालिकांचं बोलायचं तर, जकात होती तोवर गावाचं उत्पन्न गावाच्या वेशीवर जमत होतं. आता अनुदानाचा हप्ता मुंबईहून येतो. लहान गावांनी या संघात काय सोडलं, याचा हिशेब या पुस्तकात नाही. लेखकाने पुढच्या आवृत्तीत तो घालावा, अशी माझी विनंती आहे.

गेल्या मे महिन्यात मलकापूरच्या स्टँडाजवळ एक ट्रकवाला चहाला थांबला होता. रत्नागिरीहून आलेला, पुढे सोलापूरला जायचा. मी विचारलं, वाटेत कुठं अडवलं का? त्याने फोन काढून ई-वे बिल दाखवलं, ठरावीक किमतीवरच्या मालाला लागतं ते. दोन राज्यं असोत की चार, कागद हाच. मग म्हणाला, डिझेल मात्र कर्नाटकात गेलो की टाकी फुल्ल करून घेतो, तिकडं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. डिझेल जीएसटीत नाही. दारूही नाही. चहा संपवून तो उठला, तोवर रस्त्याच्या कडेला उत्पादन शुल्काची गाडी येऊन उभी राहिली होती. एका पांढऱ्या मोटारीची डिकी उघडायला लावली होती. आत पोरांच्या बॅगा, काजूच्या पिशव्या, फणसाचे दोन गरे कागदात गुंडाळलेले. शिपायाने सगळं वरवर चाळलं, ई-वे बिल वगैरे काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, “गोव्याची बाटली आहे का?”